डोणगाव ते अकोला : सदतीस तास वीस मिनिटे

रविवारी पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी अकोल्यातल्या एका अतिदक्षता विभागात ६६ वर्षांच्या एका बाईंना मृत घोषित करण्यात आले. त्यांची फुप्फुसे बारा-पंधरा वर्षांपासून आजारी होती. हृदयाला काहीही झालेले नव्हते. शनिवारी दुपारपर्यंत नव्हतेच.

ही कोण्या एका बाईची ओळख नाही. असे रुग्ण ज्या क्रमाने हातातून जातात, तो क्रम इथे एका घड्याळावर मांडला आहे. रुग्ण, वेळा आणि केसपेपरवरची मोजमापे त्यासाठी जुळवलेली आहेत. गाव, रस्ता, औषधे, औषधांचे परिणाम आणि संशोधनातले आकडे खरे आहेत.

शुक्रवार, दुपारी ३:३०

डोणगावच्या शिवारात सोयाबीनची मळणी सुरू आहे. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. हडंब्यातून उडणारा धुरळा खळ्यावर तरंगतो आहे आणि बाई तोंडाला पदर लावून कुटार सारत आहेत. त्यांना चार दिवसांपासून खोकला आहे. बेडका पांढरा पडायचा, तो मंगळवारपासून पिवळा पडतो आहे. जुनाट दम्याच्या माणसाचा बेडका रंग बदलतो आणि वाढतो, तेव्हा छातीत जंतुसंसर्ग शिरल्याची ती पहिली खूण असते. सुनेने ती पाहिली होती. मळणी आटोपली की मेहकरला दाखवू, असे ठरले होते.

घरी सगळे या आजाराला दमा म्हणतात. तो दमा नाही, सीओपीडी आहे. बाईंनी आयुष्यात विडी ओढली नाही. लग्न झाल्यापासून चाळीस वर्षे त्या बंद स्वयंपाकघरात तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे बसल्या. भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते आणि देशातल्या मृत्यूंच्या कारणांत हा आजार दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी उज्ज्वला योजना सुरू झाली. बाईंच्या घरी गॅस त्यानंतर आला. फुप्फुसे त्याच्या आधीच गेली होती.

सायंकाळी ७:००

वाक्य एका दमात पुरे होत नाही. पंपाचे दोन झटके घेतले, नंतर चार, नंतर आणखी सहा. एका झटक्यात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असते. श्वासनळ्यांभोवतीचा आवळलेला स्नायू ते सैल करते. हे औषध शरीरातल्या ॲड्रेनॅलिनच्याच कुळातले आहे. हृदयालाही ते ओळखीचे आहे.

रात्री ९:४०

गावातला दवाखाना. डेरिफायलिन आणि डेक्साचे इंजेक्शन. नाडी ११८, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८८. डॉक्टर म्हणाले, "रात्री वाढलं तर थांबू नका, पुढं हलवा." अर्ध्या तासात उतार पडला. बाई घरी येऊन अर्धी भाकरी खाऊन निजल्या, म्हणजे भिंतीला टेकून बसल्या. आडवे होता येत नव्हते.

हा उतार तीन तास टिकला. या तीन तासांत घरच्या कोणालाच निघावेसे वाटले नाही, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही. मागच्या हिवाळ्यात याच इंजेक्शनांवर भागले होते.

शनिवार, रात्री १:१५

बाई खाटेच्या कडेला बसल्या आहेत. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. पंप रिकामा झाला आहे, पण दाबला की फस्स आवाज येतोच, त्यामुळे तो संपल्याचे कळलेले नाही.

रात्री २:०५

मुलाने १०८ ला फोन केला. "मायले लई दम लागून रायला. बोलता येऊन नाही रायलं."

रात्री २:४०

रुग्णवाहिका दारात. ऑक्सिजनचे मास्क लावले आणि फ्लोमीटरची गोळी १० लिटरवर नेली. दोनदा साल्ब्युटामॉलचे नेब्युलायझेशन, प्रत्येकी अडीच मिलिग्रॅम. ऑक्सिमीटरवर ९९ आले आणि गाडीतल्या सर्वांना हायसे वाटले.

सीओपीडीच्या रुग्णाला ९९ नको असते. ८८ ते ९२ पुरेसे असते. त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की अनेकांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, गुंगी येते आणि श्वास मंदावतो. २०१० साली टास्मानियातल्या ४०५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णवाहिकेतच ऑक्सिजन मोजून दिलेल्या गटात मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. त्यासाठी नवे यंत्र लागले नव्हते. ऑक्सिजन गरजेपुरताच सोडायचा होता.

पहाटे ३:२०

मेहकर, तालुक्याच्या गावचे रुग्णालय. मेहकर डोणगावच्या पश्चिमेला आहे. पुढच्या दीड तासात चार नेब्युलायझेशन, सलाईन, हायड्रोकॉर्टिसोन. नाडी १३२.

पहाटे ३:५०

ईसीजी काढला. ठोके जलद, बाकी पट्टी स्वच्छ. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी 'हृदय ठीक' असे लिहिले, आणि ते बरोबर होते. पट्टी घडी करून केसपेपरला टाचली. पुढच्या चोवीस तासांत या कागदाइतका मोलाचा दुसरा कागद नव्हता. या तासापर्यंत हृदय चांगले होते, हे फक्त तोच सांगू शकत होता.

पहाटे ४:३०

बाई आता कमी धापतात. मुलाला वाटले, आराम पडला. सिस्टरने हाक मारली, "आजी, डोळे उघडा." डोळे उघडले आणि मिटले. डॉक्टरांना कळले की हा आराम नाही. रक्तातले वायू मोजायचे यंत्र इथे नव्हते, व्हेंटिलेटरवर ठेवायची सोय नव्हती. रेफर करायचे ठरले.

कुठे, हे ठरायला पन्नास मिनिटे गेली. समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगर, की अकोला? अकोल्याला साडू राहतात, तिथे सोय होईल. फोन झाले. पैसे किती, कोण बरोबर जाणार, शेतातला माल कोण राखणार, हे सगळे त्याच पन्नास मिनिटांत झाले. रेफर चिठ्ठी लिहिली गेली. ईसीजीची पट्टी केसपेपरला टाचलेलीच राहिली आणि केसपेपर कपाटात गेला.

पहाटे ५:५०

अकोल्याचा रस्ता पूर्वेकडे, मालेगाव, मेडशी, पातूर असा जातो. त्यामुळे रुग्णवाहिका पुन्हा डोणगावातून निघाली. तीन तासांपूर्वी सोडलेले गाव. जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागेल असे कोणीतरी म्हणाले होते. सून रस्त्यावर कार्ड घेऊन उभी होती. गाडी चार मिनिटे थांबली.

सकाळी ७:१०

अकोला. आयसीयूचा खाट क्रमांक मिळाला.

सकाळी ७:२५

मनगटाच्या धमनीतून रक्त काढले. पट्टी छापून आली : पीएच ७.१८, कार्बन डायऑक्साइड ९२. खालच्या ओळीत पोटॅशियम ३.९. नळीशिवाय श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅपचे मास्क लावले. गुदमरल्यासारखे होऊन बाईंनी ते दोनदा ओढून काढले. एक तासाने पीएच ७.१४.

सकाळी ९:०५

घशातून नळी टाकली, व्हेंटिलेटर जोडला. त्यासाठी गुंगीची औषधे दिली. इथून पुढे त्या बोलणार नव्हत्या. छातीत दुखते आहे, हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती आता गप्प होती.

सकाळी ९:१२

रक्तदाब ७८/४६. याची दोन कारणे लगेच समोर होती आणि दोन्ही खरी होती. गुंगीच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात. आणि अशा रुग्णाच्या फुप्फुसात हवा शिरते तेवढी बाहेर पडत नाही, ती छातीत अडकून हृदयाकडे परतणारे रक्त अडवते. व्हेंटिलेटर क्षणभर सोडवला, हवा निघू दिली, अर्धा लिटर सलाईन वेगाने दिले. दाब ९० झाला. नॉरॲड्रेनॅलिन सुरू केले. आता १०४/६४.

अतिदक्षता विभागात रक्तदाब पडला की त्याचे एखादे पटण्याजोगे कारण नेहमीच हाताशी असते. ते सापडले की शोध थांबतो.

सकाळी १०:३०

एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. १०:५० ला अँटिबायोटिके, त्यात ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. न्यूमोनियावर ते योग्य औषध आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर विद्युत पूर्वस्थितीला यायला जो वेळ लागतो, तो ते लांबवते. त्याच वेळच्या वायुपट्टीवर पोटॅशियम ३.५.

दुपारी १२:००

नाडी १३८. हिशोब मांडू. पंपाचे बारा झटके. रुग्णवाहिकेत दोन, तालुक्याला चार, इथे सहा अशी बारा नेब्युलायझेशन, म्हणजे ३० मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल. डेरिफायलिनचे इंजेक्शन आणि सकाळपासून त्याची ठिबक. तीन तासांपासून नॉरॲड्रेनॅलिन. या सर्वांच्या आधी आणि या सर्वांहून अधिक, गुदमरणाऱ्या शरीराने रात्रभर स्वतःच ओतलेले ॲड्रेनॅलिन.

हे शेवटचे कोणत्याच केसपेपरवर मोजले जात नाही. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मानसिक धक्क्यानंतर हृदय एकाएकी लुळे पडलेल्या १९ रुग्णांच्या रक्तात ते मोजले. मोठा हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांपेक्षाही ते दोन ते तीन पट होते.

या आजाराची पहिली नोंद हिरोशिमात १९८३ साली झाली. जपानी डॉक्टर हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याला ताकोत्सुबो हे नाव दिले. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, तरी डाव्या कप्प्याचे टोक हलायचे थांबते आणि फुगते, वरचा भाग मात्र नेहमीपेक्षा जोराने आवळत राहतो. कप्पा तांब्यासारखा दिसतो, पोट मोठे आणि गळा अरुंद. हृदयाच्या टोकाशी ॲड्रेनॅलिन टिपणारे ग्राहक दाट असतात आणि अतिरेक झाला की ते आकुंचनाऐवजी उलटा संदेश देतात, असे मानले जाते.

वृत्तपत्रांत हा आजार दुःखाने हृदय तुटण्याची गोष्ट म्हणून येतो. या समजुतीचे नुकसान आयसीयूत होते, कारण तिथे दुःख शोधायला कोणी जात नाही. २०१५ साली १७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही प्रसिद्ध झाली. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, सरासरी वय ६६ च्या पुढे. मानसिक धक्का २८ टक्क्यांच्या जवळपास होता, शारीरिक आघात ३६ टक्के. आणि शारीरिक आघातांत श्वास निकामी होणे हे ठळक कारण होते. सोलमध्ये तर आधी हृदयरोग नसलेल्या, पण दुसऱ्याच आजाराने आयसीयूत आलेल्या ९२ रुग्णांचा इको सरसकट काढून पाहिला. २६ जणांच्या हृदयाचे टोक फुगलेले होते. तो अभ्यास २००५ चा आहे.

साठी ओलांडलेली बाई, निकामी फुप्फुसे, न्यूमोनिया, नॉरॲड्रेनॅलिन. दुपारी बारा वाजता कोणी हृदयावर इकोचा प्रोब ठेवला असता, तर काय दिसले असते हे सांगता येत नाही. ठेवायला कारण मात्र पुरेसे होते.

दुपारी २:२०

सिस्टरच्या नोंदीत : "मॉनिटरवर अधूनमधून जादा ठोके. डॉक्टरांना कळवले."

दुपारी २:४५

ईसीजी. छातीवरच्या चार लीडमध्ये रेषा उचललेली. वाचणाऱ्याने वाचले ते असे : हृदयविकाराचा मोठा झटका. तुलनेला दुसरी पट्टी नव्हती. अकरा तासांपूर्वीची स्वच्छ पट्टी तालुक्याच्या कपाटात होती आणि ती मागवायला फोन करावा, हे कोणाच्या मनात आले नाही, कारण ती काढली गेली होती हेच रेफर चिठ्ठीत लिहिलेले नव्हते.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन.

दुपारी ३:३०

हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन वाढलेले आले. पण थोडेच. एवढ्या मोठ्या भागाचा झटका असता तर ते कितीतरी जास्त हवे होते. ईसीजीवर मोठी पडझड आणि ट्रोपोनिन बेताचे, ही विसंगती ताकोत्सुबोची ओळख आहे. 'सुरुवातीचा नमुना आहे, पुढे वाढेल,' असे धरले गेले.

हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलणे झाले. अँजिओग्राफीला नेण्यासारखी अवस्था नाही यावर एकमत झाले. इकोचे यंत्र तळमजल्यावर ओपीडीत होते. तिथे रांग होती. तज्ज्ञ म्हणाले, "संध्याकाळी राउंडला येतो, तेव्हा करू."

हा या सदतीस तासांतला सर्वांत छोटा निर्णय. एका वाक्याचा.

सायंकाळी ५:३०

रक्तदाब ८४/५०. तासाभरात लघवी १५ मिलिलिटर. झटक्याने हृदय कमजोर झाले आहे, म्हणून त्याला जोर देणारे डोब्युटामिन सुरू केले. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम.

झटक्याने कमजोर झालेल्या हृदयाला डोब्युटामिन उपकारक ठरू शकते. तांब्यासारख्या हृदयात मात्र टोक त्याला दाद देत नाही. आधीच जोराने आवळणारा गळा आणखी आवळतो. रक्त बाहेर पडायचा मार्गच अरुंद होतो, शिवाय मायट्रल झडपेचा पडदा त्या मार्गात ओढला जाऊन रक्त मागे फुप्फुसांकडे फेकले जाते.

सायंकाळी ६:१०

रक्तदाब ७४/४४. औषध कमी पडते आहे असे समजून डोब्युटामिन १० वर नेले.

सायंकाळी ६:२०

वायुपट्टी. सगळ्यांचे डोळे वरच्या ओळींवर : पीएच ७.२६, कार्बन डायऑक्साइड ६८. फुप्फुस सुधारते आहे. खालच्या ओळीत पोटॅशियम २.९ छापले होते. साल्ब्युटामॉल रक्तातले पोटॅशियम पेशींमध्ये ढकलते, डेरिफायलिनही तेच करते, स्टिरॉइड ते लघवीवाटे घालवते. सकाळपासून ३.९, ३.५, २.९ असा उतार तीन पट्ट्यांवर लिहिलेला होता. तीन पट्ट्या फाईलमध्ये एकीवर एक चिकटवलेल्या होत्या.

सायंकाळी ७:००

नळीतून गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी. ऑक्सिजन १०० टक्क्यांवर. पाणी काढायला फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम. पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते. अन् तांब्याचा गळा आवळलेला असताना कप्प्यातले रक्त कमी झाले की अडथळा वाढतो.

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. साडूंनी चहा आणला. डॉक्टरांनी त्याला सांगितले की हार्ट अटॅक आला आहे. तो म्हणाला, "साहेब, तिले हार्टचा त्रास कधीच नव्हता. कालपर्यंत कुटार भरत होती." हे वाक्य सहानुभूतीने ऐकले गेले. ते रोगनिदानाच्या उपयोगाचे होते.

रात्री ८:४०

इको. तज्ज्ञांनी प्रोब ठेवला आणि दहा सेकंदांत हात थांबवला. टोक फुगलेले, हलत नाही. वरचा भाग जोराने आवळतो. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त २५ टक्क्यांवर. बाहेरच्या मार्गात ६० मिलिमीटरचा दाबाचा अडथळा. मायट्रल झडप गळते आहे. जे निकामी झाले होते ते एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसणारे नव्हते.

"हा झटका नाही," ते म्हणाले. "ताकोत्सुबो आहे. डोब्युटामिन बंद करा."

ईसीजीपासून पाच तास पंचावन्न मिनिटे झाली होती.

रात्री ९:०५

डोब्युटामिन बंद. ते तीन तास पस्तीस मिनिटे चालले होते. नॉरॲड्रेनॅलिन उतरवत त्याच्या जागी व्हॅसोप्रेसिन. ते हृदयाला चाबूक मारत नाही, रक्तवाहिन्या आवळते. डेरिफायलिनची ठिबक बंद. सलाईन थोडे थोडे, मोजून.

रात्री १०:००

तज्ज्ञांनी जाताना सांगितले, साल्ब्युटामॉल थांबवा, नेब्युलायझेशन फक्त इप्राट्रोपियमचे द्या. सांगितले. लिहिले नाही. औषधपत्रावर सकाळची ओळ तशीच होती : साल्ब्युटामॉल, दर दोन तासांनी.

रात्री १०:३०

रक्तदाब ९४/५८. लघवी ३० मिलिलिटर. मुलाला पुन्हा आत बोलावले. हृदय कायमचे गेलेले नाही, ही अवस्था काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पूर्ववत होते, असे त्याला सांगितले. हे खरे आहे. या आजारातून वाचलेल्यांचे हृदय बहुतेक वेळा पूर्ण सुधारते. त्याने डोणगावला फोन केला.

रात्री ११:००

ड्युटी बदलली.

रात्री ११:५०

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने नवा ईसीजी काढला आणि मोजपट्टी लावून पाहिले. ठोक्यानंतर विद्युत पूर्वस्थितीला यायला लागणारा वेळ दाखवणारे क्यूटी अंतर ५४० मिलिसेकंद. बायकांत ४६० च्या वर गेले की ते लांबलेले मानतात, ५०० च्या वर धोका. ताकोत्सुबोत ते आपणहून लांबते. वर ॲझिथ्रोमायसिन होते. तिने फाईल उलटली, पट्ट्या उचकटून पाहिल्या, आणि ६:२० ची खालची ओळ वाचली. साडेपाच तासांनी ती पहिल्यांदा वाचली गेली.

ताजी वायुपट्टी : पोटॅशियम २.६.

रविवार, रात्री १२:२५

मोठ्या शिरेतून पोटॅशियम सुरू, तासाला २० मिलीइक्विव्हॅलंट. त्याहून वेगाने देणे धोक्याचे. मॅग्नेशियमची आठवण निघाली. त्याची तपासणी सकाळच्या नमुन्यांबरोबर पाठवायची ठरली. पोटॅशियम कमी असते तेव्हा मॅग्नेशियम बहुधा कमीच असते, आणि क्यूटी लांबलेल्या रुग्णाला ते अहवालाची वाट न पाहता देता येते.

या डॉक्टरला दोष देणे मला जमत नाही. त्या रात्री तिच्याकडे अकरा खाटा होत्या, आणि क्यूटी मोजणारी ती पहिलीच होती.

रात्री २:००

नवीन पाळीच्या सिस्टरने औषधपत्र पाहून नेब्युलायझेशन दिले. साल्ब्युटामॉल, अडीच मिलिग्रॅम. रात्री १२ लाही दिले होते. दोन्ही नोंदींपुढे सही आहे, वेळ आहे. आदेश काटेकोर पाळला गेला होता.

रात्री २:३०

पोटॅशियम २.८. वाढते आहे. रक्तदाब ९६/६०. पीएच ७.३३. ज्या फुप्फुसांसाठी त्या इथे आल्या होत्या, ती शुक्रवारपासून कधी नव्हती इतकी बरी होती.

पहाटे ३:३५

मॉनिटरवर एक जादा ठोका, नेमका क्यूटीच्या लांबलेल्या भागात पडलेला. त्यानंतर रेषा पिळल्यासारखी वरखाली होऊ लागली. नाडी लागत नाही. छाती दाबणे सुरू. २०० ज्यूलचा शॉक. मॅग्नेशियम २ ग्रॅम. ३:३९ ला ठोके परतले.

पहाटे ४:०२

पुन्हा तेच. शॉक. ठोके नाहीत. शॉक. नियमावलीप्रमाणे दर तीन ते पाच मिनिटांनी ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम. बंद पडलेल्या हृदयाला द्यायचे मुख्य औषध तेच आहे. ४:१० ला पहिला डोस, ४:१४ ला दुसरा, ४:१८ ला तिसरा. एकूण आठ.

पहाटे ४:५०

थांबवले.

सकाळी ५:४०

मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र भरले गेले. पहिल्या ओळीत हृदयक्रिया बंद पडणे. दुसरीत हृदयविकाराचा झटका. तिसरीत न्यूमोनिया आणि सीओपीडी. भरणाऱ्याने शनिवारी दुपारचे निदान समोर धरले होते. फाईलच्या मुखपृष्ठावर तेच लिहिलेले होते आणि रात्री ८:४० नंतर ते कोणी खोडले नव्हते. इकोचा अहवाल टाइप होऊन यायचा होता. तो सोमवारी आला.